गदेखालचं अस्तर

हिंदुराव पैलवानांची चांदीची गदा काळी पडायची ती अगदी वेळापत्रक लावल्यासारखी. रविवारी घासली की मंगळवारपर्यंत लखलखीत. गुरुवारकडं पिवळट. पुढच्या रविवारी पेटी उघडावी तर चहाच्या जुन्या गाळणीसारखी तपकिरी. पावसाळ्यात विचारूच नका, तव्याचं बूड बरं.

हे पस्तीस वर्षं चाललेलं. दोन हजार चार साली एका मोठ्या मैदानात पैलवानांनी ती जिंकली, तेव्हापासून. आणि पस्तीस वर्षं दर रविवारी दहाच्या ठोक्याला मुरलीधर जिनगर त्यांच्या दारात हजर. मुरलीधर म्हणजे सारंगचे वडील, घरात सगळ्यांचे आबा. कोल्हापुरात गुजरीत त्यांचं डब्यांचं दुकान. अंगठीची डबी, हाराची डबी, ठुशीची डबी, सगळ्यांना आतून मखमल. गदेची पेटीही त्यांनीच केलेली, जिवलग मित्रासाठी, सगळी कला पणाला लावून.

"उशीर केलास, मुरल्या."

"दहाला पाच कमी हाईत."

"त्येच म्हणतोय. मागच्या बारीला धा कमी हुते."

मग दोघं ओसरीवर बसायचे. एकाच्या हातात चिंचेचा कोळ, दुसऱ्याच्या हातात ओल्या फडक्यावर घेतलेली पांढरी रांगोळी. घासायला अर्धा तास पुरायचा. पण उठायला जेवणाची वेळ व्हायची. मधे मेलेल्या माणसांच्या कुस्त्या, जिवंत माणसांची लग्नं, आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी.

सारंग लहानपणी आबांच्या सायकलवर मागं बसून तिथं जायचा. आता तो सत्तावीसचा. कॉमर्स अर्धवट सोडलेलं. पण संग्रहालयांची नियमावली, कुणाकुणाचे शोधनिबंध, रात्रंदिवस बघितलेले व्हिडिओ, असं जमेल तिथून शिकत तो एक वेगळाच धंदा करायला लागला होता. लोकांच्या जुन्या मौल्यवान वस्तू कशावर ठेवायच्या, हे सांगायचा. नाणी, पदकं, फाउंटन पेनं, पत्र्याची खेळणी. वस्तू तुमची, अस्तर सारंगचं.

आणि त्याच्या खिशात नाक असायचं.

नाक म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. त्याचं खरं नाव लांबलचक होतं, पण गावानं बारसं करून टाकलं. त्यामागची गोष्ट सोपी आहे. कापड, लाकूड, फोम, डिंक, कुठलीही वस्तू गप्प बसलेली नसते. ती सतत हवेत काहीतरी सोडत असते, आपल्याला वासही येणार नाही इतकं थोडं. उघड्यावर ते उडून जातं. बंद पेटीत मात्र ते शेजारच्या वस्तूच्या अंगावर बसतं. पूर्वी हे तपासायचं म्हणजे एका बरणीत कापडाचा तुकडा, चांदीची, तांब्याची आणि शिशाची एकेक पट्टी, आणि चमचाभर पाणी घालायचं. झाकण घट्ट लावून बरणी साठ अंशावर अठ्ठावीस दिवस ठेवायची. मग बघायचं, पट्ट्या डागाळल्या का.

नाकात त्याच पट्ट्या होत्या. फक्त इतक्या पातळ की जाडी मोजायची तर अणू मोजावे लागावेत. एवढ्या पातळ पट्टीला डागाळायला महिना लागत नाही, एक झुळूक पुरते. चार मिनिटांत आकडा यायचा. हिरवा दिवा म्हणजे या अस्तरावर तुमची वस्तू पन्नास वर्षं सुखात. लाल दिवा म्हणजे किती दिवसांत काळवंडेल, तो आकडा.

दोन वर्षांत नाक घराघरांत पोचलं आणि माणसं हुंगत सुटली. गुजरीत बायका हाराच्या आधी डबी तपासायला लागल्या. लाल लागला की डबी परत. एका घरात सासूनं दिलेली सागवानी पेटी लाल निघाली, आणि सुनेनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन महिने अबोला. आबांच्या मखमली डब्या तर ओळीनं लाल. ते दुकानाची फळी अर्ध्यावरच उघडायला लागले.

सारंगला ते दिसत होतं. नाक खोटं बोलत नव्हतं. पण वस्तू कुणी कशासाठी दिली, हे त्याला हुंगता येत नव्हतं.

अशात तालमीचं नवं दालन बांधून झालं. दसऱ्याला उघडायचं, मधोमध पैलवानांची गदा. विमा कंपनीची अट एकच: पन्नास वर्षांचा हिरवा दाखला. काम सारंगकडं आलं.

"पेटी नवी कर काचेची," आबा म्हणाले, "पण गादी माझीच ठेव. हात नगंस लावू तिला."

"तपासावी तर लागेल, आबा."

"तपास की. मी काय भितोय व्हय तुझ्या नाकाला?"

*

मापं घ्यायला सारंग पैलवानांच्या घरी गेला. गदेच्या आत लाकूड आणि वर चांदीचा पत्रा. त्यानं पत्र्याची जाडी मोजली, पुन्हा मोजली आणि गदा हळूच खाली ठेवली.

"काय झालं रं? तोंड का पाडलंस?"

"काका, पत्रा जेमतेम आठवा हिस्सा उरलाय. बाकीचा रांगोळीत गेला."

पैलवानांनी गदेवरचं आपलं नाव बोटानं चाचपलं. 'हिंदुराव चौगले' कोरलेलं, त्यातलं 'गले' आता डोळ्याला दिसत नव्हतं, बोटालाच कळायचं.

"आणखी चार-पाच वर्षं असं घासलंत तर लाकूड दिसेल. घासणं थांबवायला पाहिजे."

"आणि काळी पडली तर?"

"ती काळी का पडते तेच तर शोधायचंय."

त्र्याहत्तर किलोचा तो म्हातारा माणूस उठून दार पुढं करून आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला ठावं हाय का पडती ती. मैदानाच्या तोंडावर माझे वस्ताद गेले. त्यांना पोरबाळ न्हवतं. मीच अग्नी दिला, मीच सुतक धरलं. आणि नवव्या दिशी, सुतकातच, लंगोट बांधून मैदानात उतरलो. जिंकलो. पर त्यांना आवडलं न्हाई ते. पयल्या आठवड्यापासनं गदा काळी पडाय लागली. मी दर रविवारी घासतोय म्हंजे काय, माफी मागतोय. पुन्यांदा काळी. म्हंजे माफी न्हाई अजून."

सारंगनं मापांची वही मिटली.

"आबांना हे..."

"तुझ्या आबाला सांगू नगंस. त्याला वाटतंय आम्ही निस्ती गदा घासतोय."

*

दुसऱ्या दिवशी दुकानात सारंगनं आबांच्या देखत जुनी गादी उसवली. वर जांभळी मखमल. तिच्याखाली रबरी स्पंज, आता हात लावला की भुगा होणारा. त्याला चिकटवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन. आणि सगळ्यात खाली, गदेच्या गोळ्याच्या बरोबर बुडाशी, वीतभर काळं जाडंभरडं लोकरी कापड. एका कोपऱ्यात लाल दोऱ्यानं रफू केलेलं.

"हे काय आहे?"

आबा कात्रीला धार आहे का ते बघायला लागले.

नाकानं स्पंजाला लाल दिला, सोल्यूशनला लाल दिला. पण त्या काळ्या तुकड्याजवळ नेलं तेव्हा आकडा भराभरा उतरत गेला. सारंगला त्याचं नवल वाटलं नाही. लोकर हे केसच. केसात गंधक असतं, म्हणून तर केस जळला की तसला वास येतो. दमट बंद पेटीत लोकर ते गंधक थोडं थोडं सोडते, आणि चांदीला गंधक भेटलं की ती काळी पडते. रबराच्या सोल्यूशनमध्येही तेच. म्हणजे आबांनी पेटी नव्हती केली, भट्टी लावली होती.

"आबा, कुणाची लोकर ही?"

"वस्तादांची घोंगडी हाय," आबा म्हणाले. "बाराव्याला त्यांचं सामान नदीत सोडाय चाललेले. मी एक कोपरा कापून घिटला. म्हटलं पोरगं एवढं जिंकून आलंय आणि शाबासकी द्यायला म्हाताराच न्हाई. निदान गदा तरी त्यांच्या मांडीवर बसू दे."

"आणि काकांना सांगितलं नाहीत?"

"सांगटलं असतं तर पेटी उघडून रोज रडत बसला असता. पैलवान हाय, पर डोळ्यांनी लई हलका." मग त्यांनी नाकाकडं बोट केलं. "काय म्हणतंय ते तुझं?"

सारंगनं खोटं बोलायचा विचार केला. स्पंजावर ढकलता आलं असतं.

"म्हणतंय घोंगडीनंच काळी पडते."

आबांनी उसवलेली मखमल उचलून नीट घडी केली. चारी कोपरे जुळवून.

"म्हंजे पस्तीस वर्षं मीच त्याची गदा खाल्ली."

"आबा, तुम्हाला माहीत नव्हतं."

"त्याला सांगू नगंस."

आता झालं असं की दोन म्हाताऱ्यांची दोन गुपितं एकट्या सारंगच्या पोटात. एकाला वाटतंय वस्ताद रुसले. दुसऱ्याला माहीत आहे की वस्तादांची घोंगडीच खाली आहे, पण त्याला वाटतंय आपण मित्राचं वाटोळं केलं. एकाचं औषध दुसऱ्याकडं होतं, आणि दोघांनीही त्याला तोंड बंद ठेवायला सांगितलेलं.

चार दिवस त्यानं ठेवलं. रविवार आला.

*

त्या रविवारी आबांचं पाऊल जडच होतं. ओसरीवर गदा होती, चिंच होती. सारंगनं रांगोळीची वाटी उचलून बाजूला ठेवली आणि गदेपाशी घोंगडीचा तुकडा ठेवला.

"सारंग," आबा म्हणाले. एवढंच.

"काका, गदा ह्यानं काळी पडते. गादीच्या बुडाशी होतं."

पैलवानांनी तुकडा हातात घेतला. आधी लाल रफूवर अंगठा फिरवला. मग सरळ नाकाशी धरला, स्वतःच्या, आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"ताक," ते म्हणाले. "हळद. तिळाचं तेल. तालमीची माती हाय ही." मग म्हणाले, "हे रफू मी केलंय. सुई मोडलेली तवा. वस्तादांनी कान पिळलेला."

आत कुकरची शिट्टी झाली.

"म्हंजे इतकी वर्सं गदा वस्तादांच्या मांडीवर हुती?"

"व्हय," आबा खाली बघत म्हणाले. "मीच ठिवली. मला ठावं न्हवतं रं हे असं..."

"आणि मी हितं दर रविवारी माफी मागत हुतो त्यांची."

"कसली माफी?"

मग पैलवानांनी सुतकाचं सगळं सांगितलं. आबा ऐकत राहिले, आणि ऐकता ऐकता त्यांचे कान लाल झाले.

"एवढी वर्सं मनात ठिवलंस? येड्या, मैदानाची तारीख त्यांनीच घिटलेली. मरायच्या आदल्या दिशी मला म्हणाले, मुरल्या, मी असलो-नसलो तरी त्याला उतरवायचं. मला वाटलं तुलाबी म्हणाले असतील."

"मला न्हाई म्हणाले."

"तुला कशाला म्हणतील? तू रडला असतास."

पैलवान आता रडतच होते, पण मधेच हसायला लागले. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "बग मुरल्या. म्हातारा मेला तरी रगडायचं सोडलं न्हाई. पस्तीस वर्सं मेहनत करून घिटली माझ्याकडनं."

"माझ्याकडनंबी घिटली की. मी काय गोट्या खेळत हुतो?"

सारंगनं तोंड बंद ठेवायचा शब्द मोडला होता, पण दोघांनीही त्याला त्याबद्दल काही म्हटलं नाही. उलट काकींनी जेवायला थांबवून घेतलं.

*

नवी गादी आबांनीच शिवली. सारंगनं कापड पुढं ठेवलं तेव्हा मात्र भांडण झालं.

"मांजरपाट?" आबांनी कापड दोन बोटांत असं धरलं, जसं मेलेलं पाखरू. "तिरडीवर घालत्यात हे. गदेला?"

"न रंगवलेलं, न ब्लीच केलेलं सुती कापड. तीनदा साध्या पाण्यात धुऊन खळ काढायची. साबण नाही. आणि आत हा पांढरा फोम, प्लॅस्टिकच्या बरणीच्याच जातीचा. काही सोडत नाही, भुगा होत नाही."

"चिकटवू कशानं?"

"चिकटवायचं नाही. शिवायचं, सुती दोऱ्यानं."

"जिनगराच्या हाताला मांजरपाट," आबा पुटपुटले. पण हात चालू झाला तेव्हा सारंग बघतच राहिला. गदेच्या गोलाईचं माप न घेता, नुसता तळवा फिरवून, त्यांनी फोमाला असा खोलगट आकार दिला की गदा आत बसली आणि हललीच नाही. टाके एकसारखे, आतल्या अंगानं. नाकानं चार मिनिटं हुंगलं आणि हिरवा दिला. पन्नास वर्षं.

आबांनी तो दिवा जरा जास्तच वेळ बघितला. दोन वर्षांत त्यांच्या हातच्या कामाला पहिल्यांदाच हिरवा आला होता.

दसऱ्याला दालन उघडलं. हार, हलगी, भाषणं. गदा काचेत चंद्रासारखी. घोंगडीचा तुकडा पैलवानांनी वरच्या खिशात ठेवलेला.

पुढच्या रविवारी दहाला दोघं दालनात हजर.

"काय करायचं?" पैलवान म्हणाले.

"बगायचं."

दोघांनी बघितलं. गदा चकचकीत होती. करण्यासारखं काही नव्हतं. दहा मिनिटांत दोघं बाहेर.

त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी आबांचा गुडघा दुखला. पैलवानांचा फोन आला.

"येत न्हाईस?"

"येऊन काय करू? ती हाय की चकचकीत."

"व्हय. ते बी खरं हाय."

आणि फोन ठेवला दोघांनी. दोन्हीकडं माणूस होता, दोन्हीकडं वेळ होता, पण मी तुला भेटायला येतो असं म्हणायची सवय पस्तीस वर्षांत एकालाही लागली नव्हती. ते नेहमी गदेला भेटायला जायचे.

महिनाभरात आबा घरात सगळ्यांना टोचायला लागले. भाजीत मीठ जास्त, पंख्याचा आवाज, पेपरातलं अक्षर बारीक. एका सकाळी आई सारंगला म्हणाली, "तुझ्या त्या नाकाला विचार की, घरात बसवून ठेवलेलं माणूस किती दिवसांत गंजतंय."

सारंग हसला, पण ते त्याला लागलं. काकींचाही फोन येऊन गेला होता, हे दिवसभर ओसरीवर बसून असतात म्हणून. गदा वाचली होती, दाखला हिरवा होता, सगळं नियमानं झालं होतं. ज्यानं गदा झिजत होती तेच नेमकं या दोघांना धरून होतं, हे कुठल्या नियमावलीत लिहिलेलं नव्हतं.

*

मग एका बुधवारी सकाळी आबांनी हात पुढं केला. "नाक दे तुझं."

"कशाला?"

"दे म्हटलं न्हवं. खात न्हाई मी."

सारंग दुपारी दुकानात डबा घेऊन गेला तर फळी पूर्ण उघडी. आबा मांडी ठोकून बसलेले, समोर एक नवी पेटी, वीतभर उंचीची. आत जांभळी मखमल, तीच, जुन्या गादीची. शेजारी एक चांदीचा पेला, जाड, वजनदार. पैलवान तरुणपणी त्यातनं थंडाई प्यायचे, तो.

"हा इथं कसा?"

"त्यानंच धाडलाय. म्हणाला, मुरल्या, ह्याला डबी कर, उघडाच पडलाय कपाटात. आणि हेबी धाडलंय." आबांनी खिशातनं घोंगडीचा तुकडा काढला. "कशाला धाडलंय ते न्हाई म्हणाला. मीबी न्हाई विचारलं."

त्यांनी नाक पेटीत ठेवलं, झाकण लावलं. चार मिनिटांनी लाल.

"बग. निस्ती मखमल, तर चाळीस दिवस."

पेटी उघडून स्पंजाची चकती घातली. पुन्हा चार मिनिटं. "सोळा." मग पंक्चरच्या सोल्यूशनचा एक पातळ हात दिला. "धा. अजून लांब हाय."

सारंगच्या आत्ता लक्षात आलं. अख्खं गाव नाकाकडून चांगलं अस्तर शोधत होतं. हा म्हातारा वाईट शोधत होता, तेही तोळामाशाचं माप लावून.

आबांनी शेवटी घोंगडीचा तुकडा बुडाशी ठेवला, लाल रफू वरच्या बाजूला येईल असा. झाकण लावलं. दोघं वाट बघत राहिले. दिवा लाल झाला, आकडा आला.

"सहा," आबा म्हणाले. तोंडभर हसले. "रविवारी ठिवला तर शनवारी काळा. फुडच्या रविवारी धाला बरोबर हुतंय."

"आबा, पेला झिजेल."

"भरीव हाय त्यो. आमी दोघं झिजू, त्यो न्हाई. आणि रांगोळी न्हाई लावत, मऊ फडकं आणतो, तुझं मन राखायला." त्यांनी फोन उचलला. पलीकडून 'हं' आलं. "पैलवान, सा दिवस."

पैलवान म्हणाले, "उशीर करू नगंस."

आबांनी फोन ठेवला, पेटी पुसली आणि सारंगकडं सरकवली. "दाखला चिकटव. काम तपासल्याबिगर दुकानातनं जात न्हाई आता."

सारंगनं नियमाप्रमाणं चिठ्ठी काढली. वस्तू: चांदीचा पेला. अस्तर: अयोग्य. मुदत: सहा दिवस. खाली शेऱ्याची एक ओळ मोकळी असते. तिथं तो जरा थांबला, आणि मग त्यानं लिहिलं: बदलू नये.